जखमी शिपायाची खाट वादळांत कोणीं उचलावी?

आपल्या शहरांत २६ जानेवारीस आणि १५ ऑगस्टास जखमी सैनिकांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, मानपत्र, चार भाषणें आणि अखेरीस चहापान असा त्यांचा ठरीव क्रम आहे. सत्कारमूर्तीस व्यासपीठाच्या पायऱ्या चढतां येत नाहींत, म्हणून चौघे तरुण त्याला चाकांच्या खुर्चीसकट उचलून वर नेतात आणि मंडळी टाळ्या वाजवितात. या समारंभांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यानें देशासाठीं आपले पाय दिले त्याची समाजानें वर्षांतून दोन वेळां तरी आठवण ठेवावी हें योग्यच आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, खुर्ची उचलणारे ते चौघे वादळाच्या रात्रीं कोठें असतात?

हा प्रश्न कल्पनेंतला नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता आणि मध्येंच येणारे झोत १३० पर्यंत जात होते. त्यांतच साथीचे दिवस. शेजारी शेजाऱ्याच्या ओसरीवर पाऊल टाकण्यास भीत होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा मुळांसकट आडव्या झाल्या, घरांवरचीं कौलें आणि पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनीं मोडले, आणि कित्येक गांवांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाहीं. पुढें रीतीप्रमाणें पंचनामे झाले. झाडें मोजलीं गेलीं, छपरें मोजलीं गेलीं, होड्या मोजल्या गेल्या. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर अशा आठवड्यांत जो व्रण पडतो, तो पंचनाम्याच्या कोणत्या रकान्यांत लिहावयाचा?

आणि हा मुलूख तर शिपायांचाच आहे. दापोली ही इंग्रजी अमदानींत लष्कराची छावणी होती, आणि छावणी उठल्यावर पेन्शनर शिपाई तेथेंच वसाहत करून राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ नोकरी संपल्यावर कांहीं काळ याच दापोलीस राहिले होते, आणि त्यांचें मूळ गांव आंबडवे हें शेजारच्या मंडणगड तालुक्यांतलें. घाटावर साताऱ्याजवळचें अपशिंगे तर ‘मिलिटरी’ हें बिरुद गांवाच्या नांवाला जोडूनच मिरवितें. ज्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या सैन्यांत मुलें धाडलीं, त्याच घरीं तीं मुलें कधीं धड, कधीं मोडून परत येतात. सांगावयाचें तें हें कीं, जखमी सैनिक हा दिल्लीचा किंवा सरहद्दीचा विषय नसून आपल्याच गल्लीचा, आपल्याच वाडीचा विषय आहे.

कण्याला गोळी लागली म्हणजे नेमकें काय होतें, हें आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसतें. ‘बिचाऱ्याचे पाय गेले’ एवढ्यावर आपली समजूत थांबते. पाय जाणें हा त्यांतला सर्वांत उघड दिसणारा, पण कित्येकदां सर्वांत लहान भाग होय. मज्जारज्जूस इजा झाली कीं त्या जागेच्या खालच्या अंगाची संवेदना जाते, मूत्राशयावरचा आणि आंतड्यांवरचा ताबा जातो. आणि इजा बरीच वर असेल तर घाम येणें व थंडीनें अंग कांपणें या ज्या दोन युक्तींनीं शरीर आपली ऊब संभाळतें, त्याही खालच्या भागांत बंद पडतात. निरोगी माणूस झोंपेंतसुद्धां कूस बदलतो, कारण एका जागीं दाब पडला कीं त्याची कातडी तक्रार करते. या सैनिकाची कातडी तक्रार करीत नाहीं. म्हणून दर दोन तासांनीं दुसऱ्या कोणीं तरी त्याची कूस बदलावी लागते. नाहींतर माकडहाडापाशीं, खुब्यावर, टांचेवर दाबाचे व्रण पडतात. हे व्रण पडावयास कांहीं तास पुरतात आणि भरून यावयास महिने लागतात. चिघळले तर ते प्राणावर बेततात.

आतां अशा घरावर वादळ आलें आहे असें समजा. सकाळींच वीज गेली. हवेची जी गादी आपोआप फुगत-बसत राहून पाठीवरचा दाब हलविते, ती विजेच्या पंपावर चालणारी. पंप थांबला आणि घटका-दोन घटकांत ती खाटेच्या फळीस टेंकली. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर ती खोलीच्या कोपऱ्यांत एक जड लोखंड होऊन बसली. दुपारीं पत्रा उडाला आणि अंथरूण भिजलें. तुम्हांआम्हांस हुडहुडी भरेल आणि अंग गरम राहील. त्याला हुडहुडी भरणार नाहीं, त्याचें अंग नुसतें गार पडत जाईल, आणि तें गार पडतें आहे हें त्याला कळणारही नाहीं. विहिरीचें पाणी गढूळ झालें, नळ बंद झाला, आणि मूत्रनलिका घालण्यापूर्वीं हात कशानें धुवावे हा प्रश्न उभा राहिला. नळी मुडपली किंवा तुंबली तर ज्यांची इजा मानेंत किंवा छातीच्या वरच्या भागांत आहे त्यांचा रक्तदाब एकाएकीं चढतो, डोकें फुटल्यासारखें दुखूं लागतें, तोंडावर घाम सुटतो, आणि कारण वेळींच दूर न केल्यास मेंदूंत रक्तस्राव होण्यापर्यंत मजल जाते. जाणत्या घरांत अशा वेळीं पहिली गोष्ट करतात ती ही कीं, त्याला उठवून बसवितात आणि मग नळी कोठें अडली आहे तें पाहतात. ही गोष्ट करावयास डॉक्टर लागत नाहीं. पण घरांत त्याची बायको एकटी असली आणि झाड पडून तिलाच इजा झाली, तर शेजाऱ्यांपैकीं ती कोणास ठाऊक आहे?

ज्याचा पाय कापला गेला आहे आणि जो कृत्रिम पाय लावून आपल्यासारखा हिंडतो फिरतो, त्याची अडचण वेगळी. तो रात्रीं पाय काढून निजतो. अंधारांत घर पाण्यानें भरलें तर त्याला तो पाय शोधून, कोरडा करून, बांधून मगच पळतां येतें. ओल्या कातडीवर खोबण घांसली कीं साल निघते, आणि मग पंधरा दिवस तो पाय लावतां येत नाहीं. ज्याच्या शरीराला कांहीं झालेलें नाहीं पण मनांतलें युद्ध संपलेलें नाहीं, त्याच्याविषयीं तर आपण बोलतच नाहीं. उडालेला पत्रा दगडावर आपटण्याचा आवाज आपल्याला वादळाचा आवाज वाटतो. त्याला तो दुसऱ्याच जागेचा आणि दुसऱ्याच रात्रीचा वाटतो. अशा माणसाला ‘फौजी असून घाबरतोस?’ असें हंसत विचारणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहींत. त्यांना आमची विनंति आहे कीं, त्यांनीं त्या रात्रीं तोंड मिटून त्याच्याजवळ बसावें. तेवढी सोबत औषधासारखी उपयोगी पडते.

यावर एक उत्तर आम्हांस हमखास ऐकूं येतें. सैन्य आपल्या माणसांची काळजी घेतें, त्यांत शहरानें पडण्याचें काय कारण? सैन्य काळजी घेतें, हें खरें आहे, आणि त्यांत आपल्या प्रांताचा वाटा अभिमान वाटावा असा आहे. अपंग शिपायांस हातचा धंदा शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था १९१७ सालीं मुंबईंत निघाली आणि पुढें खडकीस आली. कृत्रिम अवयवांचें लष्करी केंद्र १९४४ मध्यें पुण्यांत सुरू झालें. कण्याला इजा झालेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र १९७४ पासून खडकीस आहे. खुर्चीवर बसून खेळणारे, काम शिकणारे, हात नसतां तोंडांत कुंचला धरून चित्रें काढणारे सैनिक तेथें ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना पुनर्वसन या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. पण संस्थेंत रुंद दारें असतात, उतार असतात, रात्रपाळीचा परिचारक असतो. सैनिक कायमचा तेथें राहत नाहीं, आणि राहूं नये. घर, मुलें, गांव हींच त्याची खरी जागा. तो घरीं येतो तेव्हां उतार, परिचारक आणि जनित्र मागें राहतें, आणि पुढें असतो तीन पायऱ्यांचा ओटा. संस्थेनें दोन वर्षें खपून केलेलें काम वादळाच्या एका आठवड्यांत धुऊन जाऊं शकतें, तें या ओट्यापाशीं.

आणि तें काम किती मोलाचें असतें याला इतिहास साक्ष आहे. पहिल्या महायुद्धांत कण्याला इजा झालेला शिपाई बहुधा थोड्याच काळांत व्रणांनीं किंवा मूत्रमार्गाच्या दोषानें मरे, आणि डॉक्टरही त्याचा मृत्यु गृहीत धरून चालत. जर्मनींतून परागंदा झालेल्या लुडविग गुटमान या ज्यू डॉक्टरानें १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें हें गृहीत नाकारलें. दर दोन तासांनीं कूस बदलणें, मूत्राशयाची स्वच्छता, आणि रुग्णाला अंथरुणांत पडूं न देतां कामाला व खेळाला लावणें, हीच त्याची मुख्य शस्त्रें. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिकाचा प्रारंभ झाला त्याच दिवशीं, त्यानें खुर्चीवर बसलेल्या १६ स्त्रीपुरुषांचे तिरंदाजीचे सामने भरविले. आजच्या पॅरालिंपिकाचें तें मूळ. त्याच पॅरालिंपिकांत १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनीं ५० मीटर पोहण्यांत ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळविलें. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालचें अंग निकामी झालें होतें. पोहणें त्यांनीं धरलें तें बरें होण्याच्या खटपटींत. सरकारला त्यांना पद्मश्री देण्यास २०१८ साल उजाडलें, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षें गेलीं. सत्कारांतसुद्धां आपण किती तत्पर आहों, हें यावरून दिसेल.

वादळ आणि जखमी शिपाई यांची गांठ इतिहासांत एकदां फार भयंकर रीतीनें पडलेली आहे. १४ नोव्हेंबर १८५४ रोजीं क्रिमियांत बॅलाक्लाव्हा बंदरापाशीं असें वादळ झालें कीं, इंग्रजी छावणींतले इस्पितळाचे तंबू उडून गेले आणि आजारी व जखमी शिपाई चिखलांत उघड्यावर पडून राहिले. बंदराच्या तोंडाशीं ‘प्रिन्स’ नांवाचें जहाज बुडालें, आणि त्याबरोबर सैन्याचे हिंवाळ्याचे गरम कपडे समुद्राच्या तळाशीं गेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या इस्पितळांत पोहोंचून तेव्हां पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. त्या हिंवाळ्यांत शत्रूच्या गोळ्यांपेक्षां थंडीनें, घाणीनें आणि रोगानें जास्त शिपाई मेले. पुढें १८५५ च्या मार्चांत आरोग्य कमिशन आलें, इस्पितळाखालचीं गटारें साफ झालीं, आणि मरणाचें मान उतरलें. (याच बाईंनीं उतारवयांत पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं हिंदुस्थानांतील खेड्यांच्या आरोग्याविषयीं पत्रव्यवहार केला होता, हें आमच्या वाचकांस सांगण्याजोगें आहे.)

त्याच वादळांत ‘हेन्री चौथा’ ही फ्रेंच युद्धनौका फुटली. फ्रेंच सरकारनें लव्हेरिये या ज्योतिषशास्त्रज्ञास चौकशी करावयास सांगितलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, तें वादळ युरोपखंड ओलांडून क्रिमियावर आलें होतें. तारायंत्रानें वर्दी दिली असती तर आधीं कळलें असतें. वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था फ्रान्सांत उभी राहिली ती या धड्यावरून. आपल्याकडे १८६४ चें कलकत्त्याचें वादळ आणि पाठोपाठचे दुष्काळ यांनंतर १८७५ सालीं हवामान खातें निघालें. १९२८ सालीं त्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें, आणि पुणेकर त्या इमारतीस अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. ‘निसर्गा’ची वर्दी आधीं मिळाली होतीच. १८५४ सालच्या शिपायाला वादळ येणार हें कोणींच सांगितलें नाहीं, म्हणून तो चिखलांत पडला. आजच्या शिपायाला तें सांगितलें जातें. पण ‘सुरक्षित स्थळीं जा’ हा संदेश ज्याला आपल्या पायांनीं जातां येत नाहीं त्याच्या मोबाइलवर येतो, तेव्हां त्याचा अर्थ काय होतो?

कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर दिलेलें आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. त्याच्या ८ व्या कलमाप्रमाणें युद्ध, आपत्ति व नैसर्गिक संकट यांत दिव्यांगांस इतरांच्या बरोबरीनें संरक्षण मिळण्याचा हक्क आहे. इतकेंच नव्हे, तर जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणानें जिल्ह्यांतील दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांना मिळेल अशी तजवीज करावी, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. राष्ट्रीय प्राधिकरणानें याविषयीं २०१९ मध्यें मार्गदर्शक सूत्रेंही प्रसिद्ध केलीं. म्हणजे आम्ही जें मागत आहों ती कोणाची मेहेरबानी नाहीं. आमच्या वाचकांनीं आपापल्या तहसील कचेरींत किंवा नगरपालिकेंत जाऊन एवढेंच विचारावें: आमच्या प्रभागांतील अशी नोंद कोठें आहे, ती शेवटीं केव्हां तपासली, आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या यादीशीं ती ताडून पाहिली आहे काय? एका खात्याच्या कपाटांत अपंग सैनिकांचीं नांवें असावीं, दुसऱ्याच्या कपाटांत बोटी असाव्या, आणि दोन्ही कपाटांची ओळख नसावी, हा प्रकार आपल्या राज्यकारभाराला नवा नाहीं.

असें करणें अशक्य आहे, असें कोणीं म्हणूं नये. ओडिशांत १९९९ च्या महावादळांत सुमारें दहा हजार माणसें मेलीं; तोच ओडिशा ३ मे २०१९ च्या ‘फनी’ वादळापूर्वीं सुमारें बारा लक्ष लोकांस हलवूं शकला. पैसा तेथें आपल्याहून अधिक नव्हता. निवारे आधीं बांधलेले होते, आणि कोणीं कोणाला न्यावयाचें हें आधीं ठरलेलें होतें.

पण सगळा दोष कचेरीच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं नये. यांत समाजाचें म्हणून एक पाप आहे, आणि तें बोलून दाखविणें आम्ही आमचें काम समजतों. दर दोन तासांनीं कूस बदलण्याचा नियम काटेकोर पाळला तर दिवसाचे बारा वेळां, वर्षाचे ४,३८० वेळां एका जड देहास उचलून फिरवावें लागतें. हें काम कोण करतें? बहुतेक घरांत पत्नी, नाहींतर आई. आपण तिला ‘वीरपत्नी’ म्हणतों, सावित्रीची उपमा देतों, हळदीकुंकवास बोलावून तिची ओटी भरतों. आणि तिची पाठ दुखते काय, तिला सलग चार तास झोंप शेवटची केव्हां मिळाली, हें विचारीत नाहीं. तिनें रात्रीं मदतीस परका पुरुष घरांत बोलाविला तर मात्र गल्लींत कुजबुज सुरू होते. स्तुतीनें खाट उचलली जात नाहीं. ज्या समाजाला या स्त्रीचा इतका अभिमान आहे, त्यानें आठवड्यांतून एक रात्र तिच्या जागीं जागावें. दीर, भाचे, तालमीचीं पोरें, मंडळाचे कार्यकर्ते यांना कूस बदलणें, खाटेवरून खुर्चीवर नेणें, पायऱ्यांवरून खुर्ची उतरविणें हें कोणत्याही इस्पितळांतील परिचारिका दोन संध्याकाळींत शिकवील. गणपतीची मूर्ति कशी उचलावी हें आमच्या पोरांस उपजत येतें. माणूस कसा उचलावा हेंही त्यांना येईल.

दुसरें पाप याहून जुनें आहे. ‘प्रारब्धाचे भोग’ ही आपल्याकडची अशी एक म्हण आहे कीं, ती उच्चारली म्हणजे दुःखी माणसाविषयीं कांहीं करण्याची जरूर उरत नाहीं. शुभकार्याच्या घरीं अपंग माणसाला दारांतून पुढें न बोलावणारे लोक अजून आहेत; त्याच लोकांच्या बैठकींत सैनिकांच्या तसबिरी टांगलेल्या असतात. सुरुंगानें कोणाचा पाय न्यावा हें पूर्वजन्मावर ठरत नाहीं. कोण त्या वाटेनें पुढें चालला होता यावर ठरतें, आणि तो आपल्या वतीनें चालला होता.

व्यापारी वर्गास आम्ही निराळी विनंति करतों, कारण या कामीं व्यापाऱ्याच्या हातीं जें आहे तें कलेक्टराच्याही हातीं नाहीं. औषधविक्रेत्यानें आपल्या भागांतील अशा घराला लागणाऱ्या नळ्या, मलमपट्ट्या आणि नेहमींचीं औषधें पंधरा दिवस पुरतील इतकीं पावसाळ्यांत वेगळी पुडी बांधून ठेवावीं. नळीचा आकार प्रत्येकाचा निराळा असतो आणि तो ऐन वेळीं तालुक्यांत मिळत नाहीं. मंगल कार्यालयाच्या मालकाकडे जनित्र असतें, आणि जूनच्या मध्यानंतर तें बहुधा झांकून ठेवलेलें असतें. बर्फाच्या कारखान्यास वीज गेली तरी चालू ठेवण्याची सोय करावी लागते. तेथून एक तार शेजारच्या घरांतल्या हवेच्या गादीपर्यंत नेतां येईल, मात्र ती जाणत्या तारतंत्र्याकडूनच न्यावी. ज्याच्याकडे खालच्या फळीचा टेंपो आहे त्यानें आपला क्रमांक त्या घरीं भिंतीवर लिहून द्यावा. या कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट उधारीची आहे. पुनर्वसनाचा शेवट जेव्हां चांगला होतो, तेव्हां सैनिक पिठाची गिरणी, शिवणकाम, किराण्याचें किंवा मोबाइलदुरुस्तीचें दुकान असा कांहीं तरी धंदा घालून आपल्या पायांवर उभा राहतो; पाय नसलेल्या माणसाविषयीं हा वाक्प्रचार वापरण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं, कारण असे पुष्कळजण आपल्याहून ताठ उभे असतात. वादळांत असें दुकान भिजलें कीं माल गेला, यंत्र गेलें आणि हप्ता राहिला. धडधाकट दुकानदार अशा वेळीं मुंबईस जाऊन चार पेढ्या फिरतो, ओळखी काढतो, नवा माल आणतो. याला तें फिरणें जमत नाहीं. त्याचा घाऊक व्यापारी जर म्हणाला कीं, जुनें देणें दिवाळीनंतर पाहूं, नवा माल घेऊन जा, तर दुकान वांचतें. नाहीं तर तो पुनः खाटेवर आणि पेन्शनवर येतो, आणि खाटेवर आलेल्या माणसाचें मन किती लवकर खालीं बसतें तें त्याच्या घरच्यांस विचारावें. यांत धर्मादाय कांहींच नाहीं. सैनिकाची पेन्शन दरमहा येते, आणि इतका नेमका पैसा येणारें गिऱ्हाईक आमच्या बाजारांत फारसें नाहीं. ध्वजदिनाच्या निधीस १९४९ पासून दर ७ डिसेंबरास आपण जें देतों तें अवश्य द्यावें. पण खिशाला लावलेला छोटा ध्वज संध्याकाळीं काढून ठेवतां येतो, उधारीची वही वर्षभर उघडी असते.

नोंद करतांना एक पथ्य मात्र पाळावें. यादी नगरपालिकेच्या भिंतीवर टांगूं नये आणि वर्तमानपत्रास, आम्हांसही, देऊं नये. कोणत्या घरांत कोण असहाय आहे हें चोरास कळावें असा आमचा हेतु नाहीं. शिवाय खुद्द सैनिकाला विचारल्यावांचून त्याच्याविषयीं कांहींच ठरवूं नये. त्याला कोठें हलवावें, कसें उचलावें, आधीं काय घ्यावें, हें त्याच्याइतकें कोणास कळत नाहीं. त्यानें आपल्यापेक्षां बिकट परिस्थितींत माणसें हलविलेलीं आहेत. पुष्कळदां तो सांगेल कीं, मला नेण्यापेक्षां माझ्या खोलीचें छप्पर आधींच पक्कें करा, एक उतार बांधून द्या आणि बॅटरीचा दिवा ठेवा, मी येथेंच राहतों. तें त्याचें म्हणणें मानावें.

आमच्या शहरापुरतें पाहतां निवाऱ्याची जागा म्हणून शाळा दाखविल्या जातात. यांपैकीं कोणत्या शाळेच्या दारांतून चाकांची खुर्ची आंत जाते, कोठें शौचकूप खुर्चीवरून वापरतां येतो, आणि तळमजल्यावर पाणी चढत नाहीं अशी खोली कोठें आहे, हें फितीनें मोजून पाहावें लागेल. त्यास एका माणसाचे दोन दिवस पुरेत. प्रत्येक घरामागें दोन शेजारी नेमावे, एक बाहेरगांवीं गेला तर दुसरा असावा म्हणून. शाळेची किल्ली उन्हाळ्याच्या सुट्टींत शिपायाकडे असते आणि शिपाई गांवीं गेलेला असतो, म्हणून तिची दुसरी प्रत प्रभागांत कोणाकडे तरी ठेवावी. हें सगळें मृग लागण्यापूर्वीं करूं असें म्हणून चालणार नाहीं. ‘निसर्ग’ आला तेव्हां मृग लागावयास चार-पांच दिवस अवकाश होता. मे महिन्याचा मध्य ही मुदत धरावी, आणि पहिल्या घरीं जावयास येत्या रविवारची सकाळ चांगली आहे.